पडद्यावरील चित्रासाठीं कोणती भाषा?



संगणकावर चित्रें काढण्याची किंवा छायाचित्रें सुधारण्याची एखादी आज्ञावली स्वतः रचावी, अशी हौस आज पुष्कळ तरुणांना वाटते. अशा तरुणापुढें पहिलाच प्रश्न उभा राहतो तो भाषेचा. सी-प्लस-प्लस घ्यावी, स्विफ्ट घ्यावी, रस्ट घ्यावी, कीं पायथॉनवर भागवावें? मित्रमंडळींत यावर वाद रंगतात आणि ते बहुधा भाषेच्या सौंदर्यावर व वेगावर येऊन थांबतात. वस्तुतः ही निवड चार आठवड्यांची नसून कदाचित् दहा-वीस वर्षांच्या श्रमांची असते. आणि ती बरी ठरली कीं वाईट, हें भाषेच्या व्याकरणावर फारच थोडें अवलंबून असतें.

अशा आज्ञावलीला दोन कामें करावीं लागतात. एक गणिताचें व दुसरें दर्शनाचें. चार हजार बिंदु रुंद व तीन हजार बिंदु उंच अशा छायाचित्रांत १ कोटी २० लक्ष बिंदु असतात. प्रत्येक बिंदूचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन आंकडे धरले, तर उजेड किंचित् वाढवावयाचा म्हटलें तरी ३ कोटी ६० लक्ष आंकड्यांना हात लावावा लागतो. शिवाय पडदा सामान्यतः सेकंदास ६० वेळां नवा होतो. तेव्हां रेघ हाताबरोबर धांवावयाची असेल, तर प्रत्येक खेपेस सेकंदाचा साठावा हिस्साच हातीं असतो. यासाठीं यंत्राच्या स्मृतीवर थेट हुकमत देणारी भाषा लागते, आणि म्हणूनच सी व सी-प्लस-प्लस या भाषांनीं या क्षेत्रांत इतकीं वर्षें ठाण मांडलें आहे. २०१५ सालीं जिची १.० ही आवृत्ति निघाली ती रस्ट भाषा तसाच वेग देऊन स्मृतीच्या वापरांतील पुष्कळ चुका आज्ञावली चालण्यापूर्वींच पकडते, हा तिचा मोठाच गुण होय.

दर्शनाचें काम मात्र निराळें आहे. खिडकी, तिच्यांतील बटणें, आज्ञांच्या याद्या, अक्षरांचे ठसे, हें सर्व संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीकडून मागून घ्यावें लागतें. येथें आज्ञावली ही भाडेकरू, आणि वाडा दुसऱ्याचा. मॅकिंटॉशचा वाडा ॲपल कंपनीचा, विंडोजचा मायक्रोसॉफ्टचा. मालकानें कुलूप बदललें कीं भाडेकरूला किल्ली बदलणें प्राप्तच होतें.

फोटोशॉप या सुप्रसिद्ध आज्ञावलीची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. थॉमस नोल व जॉन नोल या बंधूंनीं आरंभिलेली ही आज्ञावली १९९० सालीं ॲडोबी कंपनीनें मॅकिंटॉशसाठीं प्रसिद्ध केली. २०१३ सालीं कॅलिफोर्नियांतील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयानें तिच्या आरंभींच्या आवृत्तीचा मूळ मजकूर लोकांस खुला केला. तो सुमारें १ लक्ष २८ हजार ओळींचा असून त्यांतील जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पास्कल या भाषेंत आहे. पास्कलच कां? तर त्या काळीं मॅकिंटॉशचीं साधनें पास्कलच्या धर्तीवर मांडलेलीं होतीं. मालकाची भाषा तीच भाडेकरूची भाषा. पुढें काळ पालटला आणि फोटोशॉप सी-प्लस-प्लसमध्यें गेलें.

२००१ सालीं मॅकिंटॉशची कार्यप्रणालीच नवी झाली. जुन्या आज्ञावल्यांसाठीं कार्बन व नव्यांसाठीं कोको अशा दोन साधनसंचांची सोय ॲपलनें ठेविली. परंतु २००७ सालीं कार्बनची ६४ बिटांची आवृत्ति काढण्याचा बेत कंपनीनें सोडून दिला. परिणाम असा झाला कीं २००८ सालीं फोटोशॉपची ६४ बिटांची आवृत्ति विंडोजवर निघाली, आणि जेथें तें जन्मलें त्या मॅकिंटॉशवर मात्र ती २०१० सालापर्यंत निघूं शकली नाहीं. कारण दर्शनाचा भाग कोकोवर नव्यानें बांधावा लागला. एवढ्या धनाढ्य कंपनीची ही गत, तर एकट्या तरुणाची काय कथा?

यावर कोणी म्हणेल कीं, मालकच नको, साधनसंच स्वतःच घडवावा. तोही प्रयोग होऊन गेला आहे. बर्कले येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोघांनीं १९९५ सालीं गिंप ही चित्रांची आज्ञावली सी भाषेंत आरंभिली, आणि तिच्यासाठीं स्वतःचा साधनसंच रचला. तोच जीटीके होय. त्याचें नांवही गिंपवरूनच पडलें आहे. पुढें तो संच स्वतंत्रपणें वाढला, दुसऱ्या अनेकांच्या उपयोगीं पडला. त्याची तिसरी पिढी २०११ सालीं आली व चौथी २०२० सालीं. आणि गिंप तिसऱ्या पिढीवर केव्हां पोंचलें? २०२५ च्या मार्च महिन्यांत! ज्याच्यासाठीं संच जन्मला तोच त्याच्या मागें पडला. मजकूर मोठा, हात थोडे, आणि तेही बहुतेक स्वयंसेवकांचे. तेव्हां यांत दोष कोणास द्यावा? मात्र मधल्या काळांत गिंपच्या मंडळींनीं चित्रावरील गणित वेगळें काढून गेगल नांवाच्या स्वतंत्र संग्रहांत नेलें, हें शहाणपणाचें झालें.

मराठी माणसाला याखेरीज आणखी एक कसोटी लावणें अवश्य आहे. ‘स्थिति’ हा साधा शब्द घ्या. त्यांतील वेलांटीचा उच्चार व्यंजनांच्या मागून होतो, परंतु ती लिहावयाची असते त्यांच्या आधीं. शिवाय स आणि थ यांचें जोडाक्षर व्हावें लागतें. क्यूटी व जीटीके हे मोठे संच, तसेच विंडोज व मॅकिंटॉश यांचीं स्वतःचीं साधनें हें काम जाणतात. उलट, अक्षरांमागून अक्षरें नुसतीं ओळीनें मांडणारे लहान, चपळ संच पुष्कळ आहेत. त्यांच्यांत इंग्रजी सुरेख उमटतें आणि मराठी मोडून पडतें. भाषा कितीहि वेगवान् असली, तरी जिच्यांत मालकाला स्वतःचें नांव धड लिहितां येत नाहीं, ती आज्ञावली घरांत कोण ठेवील?

मग तरुणानें काय करावें? केवळ मॅकिंटॉशसाठीं लिहावयाचें असेल, तर २०१४ सालीं ॲपलनेंच पुढें आणलेली स्विफ्ट घ्यावी. केवळ विंडोजसाठीं असेल, तर सी-शार्प. विंडोज, मॅकिंटॉश व लिनक्स या तिन्ही ठिकाणीं चालावयाचें असेल, तर सी-प्लस-प्लस आणि तिच्या जोडीला १९९५ सालापासून चालत आलेला क्यूटी हा संच; क्रिता ही चित्रकारांची आज्ञावली याच जोडीवर उभी आहे. शिकण्यासाठीं पायथॉनमधून तोच क्यूटी वापरतां येतो. रस्टमध्यें गणिताचा भाग अवश्य लिहावा, मात्र तिचे स्वतःचे खिडक्यांचे संच अजून कोवळे आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

परंतु भाषा कोणतीहि घेतली तरी गणित व दर्शन यांच्यामध्यें पहिल्या दिवसापासून पक्की भिंत घालावी. चित्र कसें बदलावें हें जाणणाऱ्या भागाला खिडकीचें नांवही ठाऊक असूं नये. मग मालकानें कुलूप बदललें, तरी दाराकडचीच खोली तेवढी पुन्हां बांधावी लागेल; तिजोरी हलवावी लागणार नाहीं.

आणि निश्चय करण्यापूर्वीं आठवडाभर एक लहानशी परीक्षा करावी. निवडलेल्या भाषेंत व संचांत एक खिडकी उघडावी, तींत घरांतील एक मोठें छायाचित्र आणावें, तें लहानमोठें करून पाहावें, आणि त्याखालीं मराठींत एक ओळ लिहावी. एवढें जमतें कीं नाहीं, हें पाहिल्यावर मित्रांचा वाद ऐकावयास हरकत नाहीं.