एच.आय.व्ही.चा प्रतिबंध आणि आपली संघटना

(रायपूर येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



या अभ्यासवर्गात महागाई भत्ता, निवृत्तिवेतन, कंत्राटी भरती या विषयांमध्येच एच.आय.व्ही. हा विषय का घेतला, असे काल संध्याकाळी काही साथींनी आम्हांला विचारले. "हा डॉक्टरांचा विषय, युनियनचा त्यात काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. गावाचे आणि विभागाचे नाव घेत नाही. ट्रॅकवर वीस वर्षे काम केलेला आमचा एक साथी दर महिन्याला एक रजा टाकून दीडशे किलोमीटरवरच्या शहरात जात असे. औषध त्याच्या गावच्या इस्पितळातही फुकट मिळत होते. पण तिथल्या रांगेत आपल्या गँगमधले कोणी पाहील ही त्याला धास्ती होती. पुढे बातमी फुटलीच. त्या दिवसापासून टूल रूममधला त्याचा पेला वेगळा झाला. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. फक्त पेला वेगळा. दोन महिन्यांत त्याने गोळ्या सोडल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात क्षयाने तो गेला. त्या गँगमधला प्रत्येक माणूस आपल्या युनियनचा सभासद होता. शाखेचे पदाधिकारी आम्हीच होतो. वेगळा पेला आम्हांला दिसत होता. आम्ही बोललो नाही.

हा विषय युनियनचा आहे की नाही, ते आता आपणच ठरवा.

धोका कोणाला?

हा विषाणू चार वाटांनी पसरतो : असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, एकाची सुई दुसऱ्याने वापरणे आणि बाधित आईकडून बाळाला. एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, एका रनिंग रूममध्ये झोपल्याने, हातात हात दिल्याने, टपालाची थैली उचलल्याने तो पसरत नाही. डासानेही पसरत नाही.

आपल्या देशात पहिली बाधा १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळली. तेव्हा समाजाने ठरवून टाकले की हा रोग 'त्या' लोकांचा. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, ट्रकचालक, नशेची सुई घेणारे, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी हे सगळे 'ते'. आणि आपण घरंदाज.

पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने हा भ्रम मोडला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली आणि १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत निम्म्या बाधित होत्या. परंतु ज्या हा व्यवसाय करीत नव्हत्या, त्यांच्यातही शंभरात तेराहून अधिक बाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेक विवाहित होत्या, आणि नवऱ्याखेरीज अन्य पुरुषाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता. 'त्यांचा' रोग आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता, आणि तो आणणारा घरचाच कर्ता पुरुष होता.

सोनागाछीचा धडा

मग हा रोग रोखायचा कसा? पहिला मार्ग दंडुक्याचा : छापे घाला, वस्त्या उठवा, सक्तीने रक्त तपासा. त्याने माणसे लपली आणि रोग वाढला. दुसरा मार्ग उपदेशाचा : भिंतीवर कवटी काढा, घाबरवा. घाबरलेला माणूस तपासणीला येत नाही.

तिसरा मार्ग कलकत्त्यात सापडला. १९९२ साली तिथल्या अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेचे डॉ. स्मरजित जाना सोनागाछी वस्तीत काम करू लागले. तेव्हा कंडोमचा नियमित वापर नगण्य होता. डॉ. जानांनी बाहेरून कार्यकर्ते आणण्याऐवजी वस्तीतल्याच स्त्रियांना आरोग्यदूत नेमले. त्यांना लवकरच कळले की या बायकांना माहितीपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. एका बाईने कंडोमशिवाय नकार दिला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाते. तिची त्या दिवसाची कमाई बुडते, वर मालकिणीचे भाडे आणि सावकाराचे व्याज थांबत नाही. एकटीचा नकार म्हणजे उपास.

बंधूंनो, हे वाक्य ओळखीचे वाटते ना? एकट्या कामगाराने जादा तास नाकारले तर मुकादम दुसऱ्याला बोलावतो. सगळ्यांनी मिळून नाकारले तर मुकादमाला बोलणी करावी लागतात. सोनागाछीने हेच केले. १९९५ साली तिथल्या स्त्रियांनी दुर्बार महिला समन्वय समिती स्थापन केली आणि त्याच वर्षी उषा ही स्वतःची सहकारी पतसंस्था काढली. सावकाराचा फास सैल झाला, पोलिसांशी संघटना बोलू लागली, आणि गल्लीतल्या सगळ्या दारांवर एकच उत्तर मिळू लागले. दहा वर्षांच्या आत कंडोमचा वापर तिथली सर्वसाधारण रीत झाली. मुंबईच्या वस्त्यांत नव्वदच्या दशकात निम्म्याहून अधिक स्त्रिया बाधित आढळत असताना सोनागाछीतले प्रमाण त्या मानाने फार कमी राहिले.

हा योगायोग तर नव्हे, अशी शंका शास्त्रज्ञांनीही घेतली. म्हणून उत्तर बंगालमधील दोन लहान गावे निवडून, एकात सोनागाछीची पद्धत आणि दुसऱ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा ठेवून तुलना केली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गावात कंडोमचा वापर ३९ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्यात ११ टक्क्यांनी. डॉ. जाना २०२१ साली करोनाने गेले, पण त्यांचा धडा टिकला आहे.

आणि हे बंगालातच घडले असे नाही. आपल्या सांगलीत मीना सेशु यांच्या संग्राम संस्थेने १९९२ पासून हेच काम केले. त्यातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. नाव त्या स्त्रियांनीच घेतले आहे. दया मागणारे नाव त्यांनी घेतले नाही, अन्यायाविरुद्ध उभे राहणारे घेतले.

औषध हाच प्रतिबंध

दुसरे मोठे संशोधन औषधाचे आहे. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांवर ते झाले. प्रत्येक जोडप्यात एक बाधित, दुसरा निरोगी. भारतात त्याची केंद्रे चेन्नई आणि पुणे येथे होती. २०११ साली निष्कर्ष आला, की बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केले तर त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. आज हे सर्वमान्य आहे : रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून बाधा होत नाही.

सरकारी औषध १ एप्रिल २००४ पासून मोफत आहे, आणि २०१७ पासून बाधा कळताच ते सुरू करण्याचे धोरण आहे. गोळी वेळेवर घेणारा कामगार निवृत्तीपर्यंत नोकरी करू शकतो. आमच्या त्या साथीला औषध कमी पडले नव्हते. आम्ही कमी पडलो.

रायपूरचे काय?

सरकारी अंदाजानुसार २०२१ साली देशात सुमारे २४ लाख लोक बाधित होते आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. २०१० च्या तुलनेत नव्या बाधा तोवर ४६ टक्क्यांनी घटल्या होत्या. संशोधन फळाला आले, पण काम संपलेले नाही.

आपले रायपूर हावडा–मुंबई मार्गावर आणि मुंबई–कलकत्ता महामार्गावर आहे. टाटीबंधच्या चौकात ट्रक थांबतात. छत्तीसगढचा मजूर इथूनच गाडी पकडून वीटभट्टीवर आणि बांधकामावर परराज्यांत जातो. रायपूर आणि नागपूर हे दोन्ही विभाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत असल्याने आपली माणसेही बदलीवर इकडून तिकडे जातात, रनिंग स्टाफ आणि आर.एम.एस.चे सॉर्टर रात्री घराबाहेर काढतात. धोका माणसाच्या जातीत नसतो, तो त्याच्या जगण्याच्या आणि कामाच्या ठेवणीत असतो.

ज्यांना सरकारी कागद 'जोखमीचे गट' म्हणतो, ते आपल्याला रोज भेटतात. गाडीत टाळी वाजवत येणारा तृतीयपंथी, यार्डात आडोशाला सुई घेणारा पोरगा, फलाटाबाहेर उभी राहणारी बाई. त्यांच्यातलेच आरोग्यदूत कंडोम आणि नव्या सुया घेऊन येतात, तेव्हा त्यांना हुसकावू नका. त्यांच्या पिशवीतला कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. ती माणसे आपल्याही घराचे रक्षण करीत आहेत.

कायदा आपल्या बाजूने आहे

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी मजुराच्या खटल्यात निर्णय दिला, की काम करण्यास समर्थ असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ बाधित म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. पुढे २०१७ साली संसदेने कायदा केला व तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरीसाठी सक्तीने एच.आय.व्ही. तपासणी करता येत नाही. संमतीशिवाय कोणाची बाधा उघड करता येत नाही. बाधेवरून काढणे, डावलणे, छळणे बेकायदेशीर आहे. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. ज्यांना कामात बाधेचा धोका आहे, त्यांना संरक्षक साधने आणि अपघातानंतरचे औषध देणे ही मालकाची जबाबदारी आहे.

तेव्हा प्रत्येक शाखेने पुढील कामे हाती घ्यावीत, अशी आमची विनंती आहे.

एक, आपल्या कार्यालयात तक्रार अधिकारी नेमला आहे का, हे लेखी विचारावे आणि त्याचे नाव फलकावर लावून घ्यावे.

दोन, रुळांवर कटलेला देह उचलणारे ट्रॅकमन, रेल्वे इस्पितळातील सफाई व ड्रेसिंगचे कर्मचारी यांना हातमोजे मिळालेच पाहिजेत. यात कंत्राटी कामगारही आले. सुई टोचली तर औषध शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. ते कुठे मिळते हे आधीच माहीत हवे.

तीन, तपासणी स्वेच्छेची आणि गुप्त राहील. कोण गेला, कोण नाही, याची विचारपूस शाखेने करू नये. सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते. रायपुरात मेकाहारात औषध मिळते. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे.

चार, घरी पत्नीशी बोलावे. तिला आजाराची माहिती नवऱ्याच्या मृत्यूनंतर कळावी, असे आता होता कामा नये.

पाचवे काम ठरावात लिहिण्यासारखे नाही. आपल्या टूल रूममध्ये, सॉर्टिंग हॉलमध्ये, रनिंग रूममध्ये कोणाचा पेला वेगळा ठेवलेला दिसला, तर त्याच दिवशी त्याच पेल्यातून पाणी प्यावे, सगळ्यांसमोर. आम्ही ते त्या वेळी केले नाही. आपण कराल, याच भरवशावर आम्ही आपली रजा घेतो.