शस्त्रक्रियेनंतरची फुंक
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यान देण्याचा मला मुळीच सराव नाही. गेली एकतीस वर्षे माझे ओठ ट्रंपेटच्या माऊथपीसला टेकलेले. जे काही बोलावयाचे ते पितळेच्या नळीतून बोललो. परंतु पोटावर दोन शस्त्रक्रिया होऊनही मी पुन्हा कसा वाजवू लागलो, हे आपल्या वाजंत्री बंधूंना माझ्याच तोंडून ऐकवावे, असा चिटणिसांचा आग्रह पडला आणि तो मला मोडवला नाही. आरंभीच सांगून टाकतो की, या हकिकतीत पराक्रम थोडा आणि मूर्खपणा पुष्कळ आहे.

२०१८ च्या जानेवारीत, ऐन पौषात, माझे अपेंडिक्स फुटले. पू पोटभर पसरला होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने भागण्यासारखे नव्हते. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत पोट उभे उघडावे लागले. रुग्णालयात कागद भरून घेणाऱ्या बाईंनी व्यवसाय विचारला, तेव्हा मी ‘मजुरी’ असे सांगितले. आपणांपैकी किती जणांनी आजवर असेच सांगितले असेल, हे मी येथे विचारीत नाही. माझे आजोबा सनई घेऊन लोकांच्या मांडवाच्या कडेला बसत आणि पंगती उठल्यावर त्यांचे पान मांडले जाई; ती आठवण नेमकी त्या क्षणी माझ्या जिभेवर का यावी, कोण जाणे. पण आली, आणि खरा शब्द आत राहिला.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले, ‘सहा आठवडे पाच किलोहून जड काही उचलू नका.’ मजुराला जे सांगावयास हवे ते त्यांनी चोख सांगितले. मी मनाशी हिशेब केला की, आपले ट्रंपेट भरते एक किलोच्या आतबाहेर. तेव्हा पाचव्या आठवड्यात, माघातील एका लग्नाची सुपारी आली, ती मी घेतली. वरात दोन तास चालली. शेवटच्या वळणावर वरपक्षाच्या तरुणांनी एका चित्रपटगीताची फर्माईश केली. त्यातला वरचा सूर मी धरला आणि टाक्यांच्या जागी काहीतरी उसवल्यासारखे झाले. वेदना फारशी नव्हती, म्हणून कोणास बोललो नाही. चैत्रात आंघोळ करताना व्रणाच्या शेजारी लिंबाएवढा फुगा दिसला. खोकलो की तो वर येई, निजलो की आत जाई.

माझी चूक मला पुढे उमगली, ती अशी. जुने उस्ताद सांगत, ‘बेंबीच्या देठापासून फुंक.’ हे केवळ अलंकारिक बोलणे नव्हे. श्वास बाहेर लोटावयाचा तर पोटाच्या भिंतीचे स्नायू आवळतात, आतला दाब वाढतो आणि तोच दाब छातीतून ओठांपर्यंत पोचतो. ट्रंपेटच्या वरच्या पट्टीत, जोरकस सुरात, कसलेल्या वादकाच्या तोंडातील हवेचा दाब २५ किलोपास्कलपर्यंत गेल्याचे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. रक्तदाबाच्या यंत्रावर हाच दाब दाखविला तर पारा १८० च्याही वर चढेल. वाद्याचे वजन किती, याला येथे काडीचेही महत्त्व नाही. वरचा ‘सा’ लावणे हेच ओझे उचलणे आहे. इकडे शिवलेल्या जखमेचे बळ तिसऱ्या आठवड्यास मूळच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके, सहाव्या आठवड्यास निम्म्याच्या आसपास आणि तीन महिन्यांनी चार-पंचमांशाच्या घरात असते. अगदी पूर्ववत ते कधीच होत नाही. पोट असे मधोमध उघडल्यावर शंभरांत दहा ते वीस जणांना पुढे व्रणाच्या जागी हर्निया होतो, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. सगळेच काही ट्रंपेट वाजवीत नसतात, तेव्हा माझा हर्निया केवळ त्या वरातीमुळेच झाला असे मी शपथेवर म्हणणार नाही. परंतु माझ्या मनाला ते पटलेले आहे.

दुसरी शस्त्रक्रिया त्याच वर्षी आषाढात झाली आणि आत जाळी बसविली गेली. या खेपेस मी डॉक्टरांना खरे सांगितले. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि प्रश्नांची सरबत्तीच लावली. उभ्याने वाजवता की चालत? सलग किती वेळ? सर्वांत वरचा सूर किती वेळ धरता? एवढ्या आस्थेने आमच्या धंद्याची चौकशी केलेली मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. त्यांनी माझ्यापुरती मर्यादा घालून दिली: सहा आठवडे वाद्याला हात नाही, बारा आठवडे वरचा सूर नाही, आणि चालत वाजविणे त्यांनी तपासून परवानगी दिल्यावरच. प्रत्येकाचे पोट आणि प्रत्येकाची शस्त्रक्रिया निराळी. माझे आकडे कोणी स्वतःस लावून घेऊ नयेत.

त्या सहा आठवड्यांत मी काय केले? रुग्णालयातून तीन चेंडूंचे एक उपकरण मिळाले होते. नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात. जन्मभर बाहेर फुंकणाऱ्यास आत ओढावयास शिकणे मोठे गमतीचे वाटले. खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरावयाची, शौचास कुंथावयाचे नाही, आणि रोज चालावयाचे. सातव्या आठवड्यात खुर्चीवर ताठ बसून वाद्य हाती घेतले. पाच मिनिटे, मंद्र सप्तकात, हलकेच एकेक लांब सूर. आवाज कसला, फाटक्या पखालीतून वारा जावा तसा! पोटाचे सोडा, ओठच गेले होते. ओठांभोवतीचा स्नायू रिकामा बसला की फार लवकर ढिला पडतो. आणि खरा धोका येथेच आहे, बंधूंनो. ओठ साथ देईनात म्हणजे वादक माऊथपीस तोंडावर दाबतो आणि पोटाने जोर लावतो. ज्याला जपावयाचे त्यालाच राबवितो. शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रामध्ये १९४४ ते १९८८ पर्यंत ट्यूबा वाजविणारे आर्थर जेकब्स शिष्यांना हेच सांगत की, पोट कडक करणे म्हणजे श्वासाला आधार देणे नव्हे. हवा वाहती ठेवा. मुलाने मोबाइलवर त्यांचा एक पाठ ऐकविला, तेव्हा पटले की आपल्या उस्तादांच्या वाक्याचा अर्ध्याच भागावर मी आयुष्यभर विसंबलो होतो.

तुळशीचे लग्न झाले, लग्नसराई सुरू झाली. मी पथकात झांज धरून अर्ध्या वाट्यावर चाललो. धाकटे बंधू पुढे ट्रंपेट वाजवीत आणि मधूनच वळून माझ्याकडे पाहत. ती नजर दयेची होती की चेष्टेची, हे मी अद्याप विचारलेले नाही. पुढच्या माघात मी पुन्हा वरातीत वाजविले. अर्ध्या तासाने वाद्य दुसऱ्याच्या हाती दिले. एक वरचा सूर आता मी लावीत नाही. तेथे क्लॅरिनेटवाला मला सांभाळून घेतो.

एक व्यवहाराची गोष्ट बोलून मी खाली बसतो. पहिल्या खेपेस मी पाचव्या आठवड्यात उठलो, तो हौसेने नव्हे. घरात पीठ आणावयाचे होते. आपले मंडळ मुलांना शिष्यवृत्त्या देते, ही भूषणावह गोष्ट आहे. शस्त्रक्रिया झालेल्या फुंकवाद्य वादकाला तीन महिने त्याच्या वाट्याइतकी रक्कम उसनवार देण्याची सोय करावी, असा ठराव मी चिटणिसांकडे लेखी दिला आहे. परतफेड दोन लग्नसराईंत व्हावी, असेही त्यात लिहिले आहे. दुपारच्या बैठकीत तो चर्चेस येईल, तेव्हा कृपा करून जेवून घरी जाऊ नका.

आणि कोणी आजारातून उठून पुन्हा वाजवू पाहत असेल, तर रविवारी सकाळी आठ ते दहा मी मंडळाच्या खोलीत असतो. डॉक्टरांना आपला धंदा सांगून यावे. माऊथपीस मात्र ज्याचा त्याने आणावा.