डोक्यावरची काच



मुरबाड तालुक्यात, धसईच्या आसपासच्या गावांत एखादं जुनं कौलारू घर पाहिलंत, तर त्याची वळचण इतकी खाली आलेली असते की ओटीवर चढताना मान वाकवावी लागते. याला कारण पाऊस. सह्याद्रीला अडलेला पाऊस इथे आडवा मारतो आणि जुन्या घरांच्या भिंती असायच्या कुडाच्या, नाहीतर मातीच्या. भिंत वाचवायची तर पाखं खाली उतरवायलाच हवं. भिंत वाचली, पण माजघर भर दुपारी अंधारात गेलं. खिडकी असली तरी ती पडवीत उघडणारी, म्हणजे पडवीत जो उरलासुरला उजेड असेल तोच आत येणार. म्हणून उजेड वरूनच घ्यावा लागला, आणि तो घेतला काचेच्या कौलाने.

बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती खाचांची, एकात एक अडकणारी कौलं पुढे साऱ्या कोकणात पसरली. काचेचं कौल त्याच मापाचं, त्याच खाचांचं, फक्त ओतीव काचेचं. त्याला ना वेगळी चौकट लागते, ना लांबी, ना सिलिकॉन. शाकारणीच्या वेळी मातीचं एक कौल काढायचं आणि तिथे काचेचं सरकवायचं. मातीच्या कौलावरून जसं पाणी उतरतं, तसंच ते याच्यावरूनही उतरतं. छपरातून उजेड घेण्याची इतकी सोपी आणि पक्की सोय आपल्याकडे दुसरी झालेली नाही, असं माझं मत आहे.

हे एक कौल किती उजेड देतं, त्याचा हिशेब करू या. चौरस मीटर छपराला मंगलोरी कौलं लागतात पंधराएक. पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी उघड्यावर साधारण दहा हजार लक्स उजेड धरला आणि त्यातला ऐंशी टक्के काचेतून आत आला, तर एका कौलातून पाचशे ल्युमेन मिळतात. पाच वॅटचा एलईडी दिवा साधारण एवढाच उजेड देतो. चुलीपुढे बसून तांदूळ निवडायला अशी एक-दोन कौलं पुरतात. आता हाच हिशेब मे महिन्याचा. भर दुपारी चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं. एका कौलातून त्यातलं पन्नासएक वॅट आत येतं, ते खोलीला फारसं जाणवत नाही. पण कौलाऐवजी चौरस मीटरभर साधी काच टाकलीत, तर आत येणार आठशे वॅट. दुपारी बारा ते तीन घरात एक इस्त्री सतत तापत ठेवली, तर जे होईल ते.

हे सांगायचं कारण असं, की घरं आता बदलली आहेत. कौलाच्या जागी पत्रा आला, स्लॅब आला. कल्याण-मुंबईच्या लोकांनी मुरबाड-शहापूरकडे सुट्टीची घरं बांधली आणि त्यांच्या दिवाणखान्यांवर मोठमोठ्या काचा बसल्या. त्या बघून गावातले लोकही नव्या घरात तशी खिडकी मागतात. मागावीच, अंधारात राहण्यात काही भूषण नाही. पण काच निवडताना आपण चित्रं पाहतो ती युरोपातल्या घरांची, आणि तिथेच हिशेब चुकतो.

छपरातली उघडमीट करणारी खिडकी आज ज्या रूपात दिसते, ती १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये विलुम कान रासमुसेन यांनी घडवली. माळ्यावरची अडगळीची जागा राहण्याजोगी व्हावी, हा तिचा हेतू. त्या देशात सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. कोपनहेगनला जूनच्या ऐन दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून अठ्ठावन्न अंशांच्या आसपासच चढतो, आणि डिसेंबरात अकरा. त्यांची चिंता घरातली ऊब बाहेर जाऊ नये ही. म्हणून दुहेरी काच, तिहेरी काच.

धसईला सूर्य वर्षातून दोनदा अगदी माथ्यावर येतो: एकदा मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैमध्ये ढग सांभाळून घेतात. मेमध्ये कुणी सांभाळत नाही. मुरबाडचा पारा तेव्हा चाळिशीच्या पुढे जातो. खिडकी उत्तरेच्या पाख्यावर घ्या, असा सल्ला सगळे देतात. तो योग्यच आहे, कारण हिवाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चात ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं आणि उत्तरेच्या उताराला ते ओझरतंच लागतं. पण मेच्या मध्यावर सूर्य माथ्यावर असताना दोन्ही पाख्यांवर ऊन सारखंच पडतं. त्या महिन्यात दिशा उपयोगी पडत नाही; तिथे काचेनेच काम करायला हवं.

दुकानात गेलात की सांगितलं जातं, डबल काच घ्या, गरम होणार नाही. हे नीट ऐका. दोन साध्या काचा, मधे हवा, अशी खिडकी घेतली तरी उन्हाची सत्तर टक्क्यांच्या आसपास उष्णता आत येतेच. दुहेरी काच थंडी अडवते. वरून पडणारं ऊन अडवतो तो काचेवरचा लेपाचा थर. असा लेप असलेल्या काचेला सोलर कंट्रोल काच म्हणतात. दुकानदाराला एकच आकडा विचारा: एसएचजीसी किती? म्हणजे एक भाग उन्हातला किती हिस्सा उष्णता होऊन आत येतो. साध्या काचेचा हा आकडा ०.८ च्या वर असतो. आपल्या छपराला तो ०.३ च्या आसपास हवा. आकडा सांगता येत नसेल, तर ती काच घेऊ नका. नुसती रंगीत काच, निळी किंवा हिरवी, हा यावरचा उपाय नाही. ती ऊन स्वतःत शोषून तापते आणि तो ताप खालच्या माणसावर सोडते.

याहून स्वस्त उपाय बांबूच्या चटईचा. मार्च ते मे काचेवर बाहेरून चटई बांधा. आतला पडदा तेवढं काम करत नाही, कारण उष्णता घरात आल्यावर मग तो तिला अडवायला जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोक्यावरची काच कधीतरी फुटणार, हे धरूनच ती निवडायची. वळवाच्या वाऱ्यात फांदी पडते, गारा पडतात, वानरांची टोळी छपरावरून उड्या मारत जाते. साधी काच फुटली की तिच्या लांब सुऱ्या खाली येतात. म्हणून लोक टफन काच घेतात. ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची, आणि फुटली तर तिचे बारीक चौकोनी दाणे होतात, हे खरं. पण दाणे झाले तरी ते खालीच पडणार, आणि पुष्कळदा एकमेकांना चिकटलेल्या जड ढेपांनी पडणार. शिवाय निकेल सल्फाइडचा बारीक कण काचेत राहून गेला असेल, तर टफन काच बसवल्यावर कित्येक महिन्यांनी, कुणाचा धक्का न लागता आपोआप फुटू शकते. दाराला टफन काच उत्तम. डोक्यावर एकेरी टफन काच मी कुणाला सुचवणार नाही.

तिथे हवी लॅमिनेटेड. दोन काचांच्या मधे पीव्हीबीचा चिवट पडदा चिकटवलेला असतो. मोटारीची पुढची काच याच जातीची. तडा गेला तरी ती जागची हलत नाही. या पडद्याचे आणखी दोन फायदे आहेत. उन्हातले अतिनील किरण तो जवळजवळ सगळे अडवतो, त्यामुळे खालचं सामान विटत नाही. आणि पावसाचा आवाज कमी करतो, जो आपल्याकडे चार महिने ऐकायचा असतो. एक बारकावा सांगून ठेवतो. दोन्ही काचा टफन असतील आणि दोन्ही फुटल्या, तर पडदा सैल पडून चौकटीतून निसटू शकतो. म्हणून वरची टफन चालेल, खालची हीट स्ट्रेंग्थन्ड घ्यावी. तिचे तुकडे मोठे होतात आणि पडद्याला धरून राहतात. लहान खिडकीला ती मिळाली नाही, तर खालची साधी चालते. वजनाची भीती बाळगू नका. पाच अधिक पाच मिलिमीटरची काच चौरस मीटरला पंचवीस किलो भरते. तेवढ्याच जागेतली मंगलोरी कौलं तीस किलोच्या खाली नसतात.

पत्र्याच्या घराला लोक फायबरचा पत्रा टाकतात. स्वस्त आहे आणि नागमोडही जुळते. पण काही वर्षांत उन्हाने तो पिवळा पडतो, वरचा थर झिजून तंतू उघडे पडतात, त्यावर धूळ आणि शेवाळ धरतं. मग तो शेजारच्या पत्र्यासारखाच दिसायला लागतो, आणि छपरावर चढलेला माणूस त्याच्यावर पाय देतो. असे पडून माणसं जिवाला मुकली आहेत. फायबरच्या पत्र्याखाली लोखंडी जाळी मारा आणि वर चढायचंच झालं तर फळी टाकून चढा. पॉलिकार्बोनेट त्याहून कितीतरी चिवट. मात्र त्याची अतिनील लेपाची बाजू वरच यायला हवी. कारागीर उलटी बसवतात आणि शीट लवकर खराब होते. तापल्यावर ते काचेच्या सातपट पसरतं, तीन मीटरची शीट चाळीस अंशांच्या फरकात आठ मिलिमीटर. तेव्हा स्क्रूची भोकं सैल ठेवा. पावसात ते वाजतं, आणि त्याला इलाज नाही.

एवढाही खर्च झेपत नसेल, तर ब्राझीलच्या आल्फ्रेडो मोसर या मेकॅनिकने २००२ मध्ये शोधलेली युक्ती आहे. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली पाण्याने भरायची, शेवाळ धरू नये म्हणून त्यात थोडं ब्लीच घालायचं, आणि पत्र्याला भोक पाडून ती अर्धी वर, अर्धी खाली अशी पक्की बसवायची. पाण्यातून उजेड खोलीभर पसरतो. अंधाऱ्या झोपडीत दिवसा अभ्यास करणाऱ्या मुलासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

गळतीबद्दल थोडक्यात. सिलिकॉनवर भिस्त ठेवू नका. स्लॅबवर खिडकी असेल तर भोकाभोवती किमान सहा इंचांचा कट्टा उचला आणि काच उतारावर बसवा. कौलात असेल तर वरच्या कडेचा पत्रा वरच्या कौलांखाली आणि खालच्या कडेचा पत्रा खालच्या कौलांवर यायला हवा. हे उलट झालं, तर जगातली कुठलीही काच गळणारच.

ज्यांच्या घरात अशी काच आधीच बसलेली आहे, त्यांनी यंदा शाकारणीच्या वेळी तिची कड उघडून बघावी. दोन काचा आणि मधे पडद्याची बारीक रेघ दिसली, तर काळजी नाही. एकच काच दिसली, तर खालची खाट किंवा पाळणा आजच बाजूला सरकवा आणि मिरग लागायच्या आत काचेखाली जाळी मारून घ्या.