मिश्र मत्स्यपेटीतील पंगत : कोणास काय आणि किती

(शाळांतील मत्स्यपेट्यांची देखभाल पाहणारे शिक्षक व ग्रामस्थ यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माशांना अन्न घालणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले आहे. शृंगेरीस तुंगेच्या घाटावर, तसेच महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंड येथे भाविक चुरमुरे टाकतात आणि मोठमोठे मासे ते टिपण्यासाठी पृष्ठभागावर येतात. नदीचे पाणी वाहते असते, त्याचा संचय अफाट असतो आणि माशांना शेवाळ, किडे, पालापाचोळा असा नैसर्गिक आहार बारमाही मिळत असतो. मूठभर चुरमुऱ्यांचा भार असे पाणी सहज वाहून नेते.

वर्गाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या काचेच्या पेटीची गोष्ट वेगळी आहे. साठ सेंटीमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशा पेटीत काठोकाठ भरले तरी ५४ लिटर पाणी मावते. वाळू व दगड घातल्यावर उरते ते जेमतेम तीन बादल्या. एवढ्याशा पाण्यात दहा-बारा मासे राहतात, खातात आणि तेथेच मलविसर्जन करतात. मधल्या सुट्टीत एखादे मूल प्रेमाने बिस्किटाचा तुकडा टाकते, दुसरे शेव टाकते, तिसरे डब्यातला भात टाकते. सोमवारी शाळा उघडते तेव्हा पाणी दुधाळ झालेले असते आणि दोन-तीन मासे उलटे तरंगत असतात. मुलांना वाटते, मासे उपाशी मेले. वस्तुतः पेटीतील मासे उपासाने क्वचितच मरतात. न खाल्लेल्या अन्नाने ते अधिक मरतात.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. मासा आपल्या शरीरातील त्याज्य नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. तळाशी साचलेले उष्टे अन्न कुजले म्हणजे त्यातूनही अमोनियाच निर्माण होतो. हा वायू पाण्यात विरघळलेला असल्याने डोळ्यांना दिसत नाही, परंतु माशांचे कल्ले तो भाजून काढतो. पाणी जितके उष्ण आणि जितके अल्कधर्मी, तितका तो अधिक विषारी ठरतो. निसर्गाने यावर उपाय योजला आहे. वाळूत व गाळणीत वाढणारे काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवतात, तर दुसरे काही जीवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी असे नायट्रेट बनवतात. मात्र नव्या पेटीत या जीवाणूंची वस्ती पुरेशी वाढण्यास सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. नेमक्या याच काळात नवलाईमुळे मुलांचे हात अधिक सढळ असतात. सबब नवी पेटी मांडल्यावर पहिला महिना-दीड महिना अन्न निम्म्याने कमी ठेवावे आणि मासेही थोडे थोडेच आणावेत.

प्रमाणाचा प्रश्न असा आहे. निवडीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मिश्र पेटीत निरनिराळ्या देशांचे व निरनिराळ्या सवयींचे मासे एकत्र नांदत असतात. गप्पी, मोली आणि निऑन टेट्रा हे अमेरिका खंडांतील, गोरामी आग्नेय आशियातील, तर अंगावर निळसर पट्टे असलेला झेब्रा डॅनिओ हा भारतीय उपखंडातीलच. या सर्वांना एकच डबा उघडून एकच चिमूट टाकली म्हणजे कर्तव्य संपले, असा सार्वत्रिक समज आहे. या समजुतीतला दोष मत्स्यशेतकऱ्याच्या चटकन लक्षात येईल. तलावात कटला, रोहू आणि मृगळ ही बीजे तो एकत्र सोडतो, कारण कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. तिघांचे ताट वेगळे असल्याने तिघेही पोसतात. काचेच्या पेटीलाही हाच नियम लागू आहे. तेथेही तीन पंगती बसतात आणि प्रत्येक पंगतीस वेगळे वाढावे लागते.

कोणता मासा कोणत्या पंगतीतला, हे ओळखण्यासाठी पुस्तकाची गरज नाही. त्याचे तोंड पाहावे. तोंड वरच्या दिशेस वळलेले असेल, तर तो पृष्ठभागावरील अन्न टिपणारा. गप्पी, मोली व गोरामी या गटात येतात. तोंड सरळ समोर असेल, तर तो मधल्या पाण्यात बुडते अन्न पकडणारा. टेट्रा, बार्ब व एंजल हे असे मासे होत. तोंड खाली वळलेले असून भोवती मिशा असतील, तर तो तळ धुंडाळणारा, जसा कोरीडोरस. खडकास चिकटून राहणाऱ्या सकर माशाचे तोंडही खालीच असते. विद्यार्थ्यांना भिंग देऊन केवळ तोंडांची रेखाचित्रे काढण्यास सांगितले, तरी प्राणिशास्त्राचा एक उत्तम पाठ होतो.

तोंडावरून जागा कळते. पदार्थ कोणता द्यावा, हे आतड्यावरून ठरते. शाकाहारी माशांचे आतडे लांब व वेटोळे घातलेले असते, कारण वनस्पती पचण्यास वेळ लागतो. मांसाहारी माशांचे आतडे आखूड असते. मोलीला शेवाळ व हिरवा पाला हवाच. केवळ मांसयुक्त खाद्यावर ती धड राहत नाही. एंजलला प्रथिने अधिक लागतात. पूर्ण वाढलेला एंजल निऑन टेट्रासारखे बारीक मासे गिळतो, हेही ध्यानात ठेवावे; अशी चुकीची सोबत कोणत्याही खाद्याने सुधारत नाही. गोल्डफिश हा कार्पच्या कुळातील, जठर नसलेला आणि थंड पाणी मानवणारा मासा. तो सतत चरतो व पाणी फार घाण करतो. यास्तव त्याला उष्ण प्रदेशीय माशांच्या पेटीत ठेवू नये.

तळाच्या माशांविषयी एक गैरसमज विशेष घातक आहे. हे मासे पेटीचे झाडूवाले असून वरच्यांच्या उष्ट्यावर व विष्ठेवर जगतात, असे दुकानदारही सांगतात. तसे नाही. विष्ठा हे कोणत्याही कोरीडोरसचे अन्न नव्हे. वरच्या दोन पंगती चपळ असतील, तर तळापर्यंत कणही पोचत नाही आणि हे गरीब मासे सर्वांच्या देखत कृश होत जातात. पोट आत गेलेले व डोळे खोल गेलेले दिसले म्हणजे ते उपाशी आहेत, असे समजावे. त्यांच्यासाठी बुडणारी गोळी वेगळी टाकावी लागते. त्यांच्यातील अनेक जाती अंधारात चरणाऱ्या असल्याने ही गोळी सायंकाळी दिवा मालवल्यावर टाकणे उत्तम. सकर माशाला काकडीची किंवा दुधी भोपळ्याची चकती उकळत्या पाण्यातून काढून, थंड करून द्यावी. ती बुडावी म्हणून स्वच्छ दगडाखाली दाबून ठेवावी आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी सकाळी न विसरता बाहेर काढावा.

आता बाजारातील खाद्याविषयी. पापुद्र्यांच्या रूपातील तरंगते खाद्य वरच्या पंगतीस, सावकाश बुडणारे बारीक दाणे मधल्या पंगतीस आणि जड गोळी तळास, अशी सर्वसाधारण विभागणी आहे. डबा घेताना घटकांची यादी वाचावी. आरंभी मासळीचे किंवा कोळंबीचे पीठ असेल, तर ते खाद्य पिठूळ भरताडाहून बरे. प्रथिनांचे प्रमाण मिश्र पेटीसाठी साधारण ३५ ते ४० टक्के असावे. त्याच्या जोडीला शेवाळयुक्त शाकाहारी खाद्याचा एक लहान डबा ठेवावा व ते आठवड्यातून दोन-तीन दिवस द्यावे. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये. उघडल्यानंतर हवा, उष्णता व दमट वातावरण यांमुळे त्यातील जीवनसत्त्वे, विशेषतः क जीवनसत्त्व, झपाट्याने कमी होतात. त्याच्या अभावी माशांचा कणा वाकतो. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढेच खाद्य आणावे. कोकण व गोव्याच्या पावसाळ्यात डब्यात बुरशी येण्याचे भय मोठे. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मृत्युमुखी पडले आणि त्यातूनच अफलाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. माशांनाही हे विष बाधते. कुबट वास येणारे खाद्य उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा; ते फेकून द्यावे.

कोळंबी जेथे सहज मिळते, तेथे घरगुती खाद्यही करता येते. सोललेली कोळंबी दोन वाट्या, उकडून साल काढलेले वाटाणे एक वाटी आणि वाफवलेला पालक अर्धी वाटी एकत्र बारीक वाटावे. त्यात मीठ, तेल, मसाला काहीही घालू नये. चायनाग्रास पाण्यात उकळून, किंचित निवल्यावर त्यात हे वाटण मिसळावे व ताटात पातळ थापून गोठू द्यावे. लहान चौकोन कापून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत आणि लागेल तेवढाच तुकडा काढून तो पाण्याच्या तपमानास आल्यावर किसून द्यावा. चायनाग्रासमुळे हे खाद्य पाण्यात चटकन विरत नाही.

जिवंत खाद्य माशांना अतिशय प्रिय असते. पाणपिसवा, बारीक चिरलेले गांडूळ, मिठाच्या पाण्यात उबवलेली आर्टेमियाची पिल्ले हे उत्तम प्रकार होत. नवजात पिलांना तर आर्टेमियासारखे दुसरे अन्न नाही. गटारातून काढलेले लाल किडे मात्र रोगजंतू घेऊन येतात. डासांच्या अळ्या गप्पी मासे आवडीने खातात हे खरे. म्हणूनच हिवताप निर्मूलनाच्या कामी त्यांचा उपयोग होतो. तथापि, शाळेत अळ्यांचे भांडे साठवून ठेवणे म्हणजे डासांची पैदास करणे होय. अळ्या द्यायच्याच असतील, तर काही मिनिटांत फस्त होतील इतक्याच द्याव्यात. ब्रेड, बिस्किट, शेव, भात आणि चुरमुरे यांना मिश्र पेटीत स्थान नाही.

वाढण्याची रीत सोपी आहे. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, प्रथम पेटीच्या दोन्ही टोकांस तरंगते खाद्य चिमटीने टाकावे. दोन्ही टोकांस टाकल्याने डॅनिओसारखे चपळ मासे एका बाजूस गुंतून राहतात आणि गोरामीसारख्या संथ माशांना दुसऱ्या बाजूस आपला वाटा मिळतो. वरची पंगत गुंतली की मध्यभागी बुडते दाणे सोडावेत. दोन-तीन मिनिटांत जे संपेल, तेच योग्य प्रमाण. त्यानंतरही कण तरंगत राहिले, तर ते जाळीने काढून पुढच्या वेळी चिमूट लहान करावी. एका माशाचा घास त्याच्या डोळ्याहून मोठा नसावा, हा ढोबळ नियम मुलांच्या ध्यानात चांगला राहतो. मासा शीतरक्त प्राणी आहे. शरीर उबदार ठेवण्यासाठी त्यास अन्न खर्चावे लागत नाही. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेरकडे थंडीत पेटीतील पाणी वीस अंशांखाली गेले म्हणजे त्याचे पचन मंदावते. तेव्हा अन्न निम्म्यावर आणावे. आठवड्यातून एक दिवस उपास घडवल्यास प्रौढ माशांचे काहीच बिघडत नाही.

मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले किंवा पाणी दुधाळ झाले, तर औषध शोधत बसू नये. अन्न तत्काळ थांबवावे, नळीने तळाचा गाळ ओढून घ्यावा आणि एक तृतीयांश पाणी बदलावे. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी वापरायचे, तर ते उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून मगच घालावे. आपत्काळासाठी अशी एक बादली नेहमी भरून ठेवणे हिताचे.

सर्वांत जास्त हानी सुट्टीत होते. चतुर्थीला किंवा दिवाळीला शाळा बंद होताना कोणीतरी कनवाळूपणाने आठवड्याचे अन्न एकदम ओतून जातो. निरोगी प्रौढ मासे पाच ते सात दिवस अन्नावाचून सुखरूप राहतात; एकदम ओतलेल्या अन्नात मात्र ते दोन दिवसही टिकत नाहीत. मे महिन्याच्या दीर्घ सुट्टीसाठी वैद्य औषधाच्या पुड्या बांधून देतो, तशा एकेका वेळेच्या पुड्या बांधाव्यात, त्यांवर तारखा घालाव्यात आणि त्या शिपायाच्या किंवा शेजारच्या घरी सुपूर्द कराव्यात. खाद्याचा डबा हवाली करू नये.

शेवटी एक व्यवहार्य सूचना. पेटीशेजारी एक वही टांगून ठेवावी. त्या दिवशीचा एकच विद्यार्थी अन्न घालील व वहीत वेळ, खाद्य आणि उरलेले कण यांची नोंद करील, असा नियम असावा. इतरांनी फक्त निरीक्षण करावे. कोण आधी आला, कोण उपाशी राहिला, तळाच्या माशास गोळी मिळाली का, हे पाहणाऱ्या मुलाची दृष्टी हळूहळू तयार होते. अन्न देणाऱ्याने आधी घेणाऱ्याची भूक ओळखावी लागते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. पंगतीत शेवटच्या पानापर्यंत वाढले गेले की नाही, हे पाहण्याची सवय शाळेतील त्या तीन बादल्या पाण्याने लागली, तर पेटीवर झालेला खर्च सत्कारणी लागला असे म्हणावयास हरकत नाही.