शस्त्रदान नव्हे, अभयदान
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी दानाची चार रूपे जैन परंपरेने सांगितली आहेत. पहिल्या तीन दानांच्या नोंदी धार्मिक न्यासाच्या जमाखर्चात सापडतात. चौथ्या दानाची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. जिवाला भयमुक्त करणे हे ते दान होय. आज माणसाला भयभीत करणाऱ्या वस्तूंमध्ये बंदूक अग्रभागी आहे. म्हणून बंदुकीच्या हिंसेचा विचार हा केवळ राजकारणाचा विषय उरत नाही; तो अभयदानाचा विषय ठरतो.

श्रावक बंदूक हाती धरत नाही, मग त्याचा या प्रश्नाशी संबंध काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर शास्त्रातच आहे. हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही मार्गांनी घडते. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगताना ‘हिंसादान’ हा स्वतंत्र प्रकार गणला आहे. कुऱ्हाड, तलवार, अग्नी, विष, साखळदंड अशी वधाची साधने दुसऱ्याला देणे म्हणजे हिंसादान. श्वेतांबर परंपरेतही श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य येते आणि आचार्य हेमचंद्रांनी त्यात शस्त्रांच्या विक्रीचा समावेश केला आहे. दोष केवळ वार करणाऱ्याचा नाही. हत्यार पुरविणाऱ्यालाही तो चुकत नाही, हा या दोन्ही परंपरांचा निर्वाळा आहे.

भरत आणि बाहुबली यांची कथा सर्वांना परिचित आहे. दोन्ही सैन्यांचा संहार टळावा म्हणून मंत्र्यांनी दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध सुचविले. निःशस्त्र द्वंद्वात भरत हरला आणि क्रोधाच्या भरात त्याने सख्ख्या भावावर चक्र सोडले. क्रोध क्षणाचा होता, पण त्या क्षणी शस्त्र हाताशी होते. चक्राने बाहुबलींना इजा केली नाही. बंदुकीची गोळी मात्र आप्त ओळखत नाही.

या क्षणिक आवेगाची किंमत किती मोठी असते, हे अमेरिकेकडे पाहिले म्हणजे कळते. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउनच्या शाळेत २० बालके आणि ६ शाळा-कर्मचारी गोळ्यांना बळी पडले. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डे येथे १९ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. २०२० साली त्या देशातील बालके व किशोरवयीनांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक हे ठरले. २०२१ मध्ये तेथे ४८ हजारांहून अधिक माणसे बंदुकीने मेली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. रक्षणासाठी घरात आणलेले शस्त्र घरच्याच माणसाच्या निराशेच्या क्षणी त्याचा घात करते, असा याचा अर्थ आहे.

परंतु हे अटळ नाही. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या शाळेत १६ बालके आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. त्या दिवसांत तेथे फुललेल्या स्नोड्रॉप या शुभ्र फुलाचे नाव घेऊन सामान्य नागरिकांनी मोहीम उभारली आणि सात लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. १९९७ मध्ये ब्रिटनने कायदा करून खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. शोकाला संघटित कृतीची जोड मिळाली, म्हणून हे घडले.

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या परवानाधारक बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. तरीही महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांचा आवाज ऐकला. त्यांची मते कोणाला मान्य असोत वा नसोत, मताला गोळीने उत्तर देणे हा एकांतवादाचा कळस आहे. अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या समाजाला त्यावर मौन शोभत नाही.

देशरक्षणासाठी शस्त्र धरणाऱ्या सैनिकाचा येथे अधिक्षेप नाही. गृहस्थाच्या विरोधी हिंसेचा विचार आचार्यांनी संकल्पी हिंसेपासून वेगळा केला आहे. प्रश्न आहे तो हौस, प्रतिष्ठा आणि नफा यांसाठी पसरणाऱ्या शस्त्रांचा.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने काही संकल्प करावेत. कोणत्याही वरातीत वा मिरवणुकीत बंदुकीचा बार उडू देऊ नये. उडाल्यास यजमानाचा मुलाहिजा न ठेवता पोलिसांना कळवावे. गरज नसलेला शस्त्रपरवाना परत करावा. ज्या घरी बंदूक ठेवणे अपरिहार्य आहे, तेथे ती व गोळ्या वेगवेगळ्या कुलपांत असाव्यात. बचतीचा पैसा गुंतविताना तो बंदुका व काडतुसे बनविणाऱ्या उद्योगात जात नाही ना, हे तपासावे. व्यापारी समाजाला हा शोध अवघड नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांना फोनवर खुशाली विचारतानाच, तेथील मतदार म्हणून बंदूक खरेदीपूर्वीची चौकशी आणि सुरक्षित साठवण यांच्या कायद्यांना पाठिंबा देण्यास सांगावे. तेथील जैन संघांनीही हा विषय आपल्या व्यासपीठावर घ्यावा.

शेवटचा संकल्प सर्वांत सोपा वाटेल. दिवाळी हा भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. पहाटे मंदिरात निर्वाणलाडू अर्पण होतो आणि दुपारी अंगणात नातवाच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल असते. ते त्याला आजोबांनीच आणून दिलेले असते. यंदा ते आणू नये, आणि का आणले नाही हे नातवाला जवळ बसवून सांगावे. हिंसादानाचा त्याग तेथून सुरू होईल, आणि अभयदानाचाही प्रारंभ तेथेच होईल.

जय जिनेंद्र!