विश्वरचनेच्या अभ्यासास गणित किती हवें?

विश्वाच्या उत्पत्तीविषयीं वाचावयास अनेकांना आवडतें. परंतु गणिताच्या धास्तीनें पुष्कळ जण उंबरठ्यावरूनच परततात. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शाळामास्तरास तेथें कितपत प्रवेश मिळतो, तें पाहूं.

१९२९ सालीं हबल यांनीं दाखविलें कीं, तारकाविश्व जितकें दूर, तितका त्याचा दूर जाण्याचा वेग अधिक. हें शुद्ध त्रैराशिक होय. दर ३२.६ लक्ष प्रकाशवर्षांमागें हा वेग सेकंदास सुमारें ७० किलोमीटर भरतो. अंतरास वेगानें भागा. काळ येतो सुमारें १४०० कोटि वर्षें. सूक्ष्म गणितानें ठरलेलें विश्वाचें वय सुमारें १३८० कोटि वर्षें आहे!

उत्तर जुळतें, पण तें कां जुळतें, हें त्रैराशिक सांगूं शकत नाहीं. प्रसरण आधीं गुरुत्वाकर्षणानें मंदावलें, नंतर पुन्हा वाढीस लागलें, आणि हे दोन फरक जवळजवळ फिटले. हें उमगण्यास चलनकलन हवें. फ्रीडमन यांचें १९२२ सालचें प्रसरणाचें समीकरण मिल्न व मॅक्रिया यांनीं १९३४ सालीं न्यूटनच्या नियमांवरूनही मिळविलें. म्हणजे तेथवर महाविद्यालयीन गणित पुरतें. पुढें अवकाशाची वक्रता आली कीं रीमानची भूमिति लागते. तिच्यासाठीं १९१२ सालीं खुद्द आइन्स्टाइन यांनीं ग्रोसमान या गणितज्ञ मित्राचें साहाय्य घेतलें.

तेव्हां पालकहो, मुलांस गणिताचें भय घालूं नका; आणि गणित टाळूनही चालेल, असेंही सांगूं नका. कुतूहलास त्रैराशिक पुरे. निर्णय देण्यास मात्र पुढील पायऱ्या चढाव्याच लागतात.