मोटारीची कांती

सदरमधल्या कुठल्याही गल्लीत सकाळी पाहावे, कोरड्या फडक्याने मोटारी पुसणे चाललेले असते. मोटार चकाकते खरी. पण तिला जरा दुपारच्या उन्हात पाहा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचे जाळे दिसेल. ओरखडे सगळ्याच दिशांना असतात. प्रकाशाला आडवे असतात तेवढे चमकतात, म्हणून वर्तुळांचा भास होतो.

हे काम धुळीचे. तिच्यातले गारगोटीचे कण रंगावरच्या पारदर्शक लेपाहून कठीण असतात. हा लेप साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. पॉलिश ओरखडे भरून काढीत नाही, ते लेपच घासून सपाट करते. दर खेपेस थोडी पुंजी खर्च होते, ती परत मिळत नाही. वर मेण लावले तर रक्षण होते. धुळीच्या फडक्यापुढे मात्र तेही टिकत नाही.

तेव्हा आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या : एक साबणाची, दुसरी फडके खळबळण्याची. नागपूरचे ऊन आहे, सावलीतच धुवा.

आणि पुसणाऱ्या पोरावर रागावू नका हो! रोज पुसण्याऐवजी त्याला आठवड्यातून एकदा नीट धुवायला सांगा. पैसे मात्र तेवढेच द्या.